आवाजाच्या आधीचा आवाज

त्याने ती पेटी खाली ठेवली असती, तर मी त्याच्याकडे पाहिलंही नसतं.

ऑगस्टमधली दुपार होती. आमच्या ॲक्रन गावात ऑगस्टचा पाऊस गारवा आणत नाही, रस्त्यातून नुसती वाफ काढतो. साउथ मेन स्ट्रीटवरच्या मिलोशच्या खानावळीत कोबीच्या तळलेल्या गोळ्यांसाठी रांग लागली होती. त्या गोळ्यांशिवाय या गावात कुणाचं लग्न लागत नाही आणि कुणाची दुपार जात नाही. माझ्या पुढे एक उंच, भिजलेला तरुण उभा होता. त्याने सहलीला नेतात तशी निळी बर्फाची पेटी छातीशी धरली होती. तान्हं बाळ धरावं तशी... घट्ट.

"खाली ठेवा की," मी म्हटलं. "इथे कुणी पळवणार नाही."

"नको."

"बिअर आहे?"

"नाही."

"मग आत आहे तरी काय?"

त्याने पेटी आणखी जवळ घेतली. "माझे वडील."

मी अर्धं पाऊल मागे सरले. मागच्या बाईनेही हे ऐकलं असावं, कारण तिची पर्स माझ्या पाठीला लागली.

"म्हणजे, त्यांचा आवाज," तो घाईघाईने म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. "जुन्या टेपवर आहे. समोरच्या टेप दुरुस्तीच्या दुकानात द्यायचीय. पण तिथे पाटी लावलीय, जेवणाची सुट्टी म्हणून."

ती पाटी मीच लावली होती.

"आणि पेटीत बर्फ आहे?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"हो. गर्मीने खराब होऊ नये म्हणून—"

मी त्याच्या कोपराला धरून त्याला रांगेतून बाहेर काढलं. गोळे राहिले.

त्याचं नाव लाइल कटलिप. मी थिया हुडाक. रबराच्या या गावात राहून विद्यापीठात रबराच्या जातकुळीतल्या पदार्थांचंच शास्त्र शिकले, आणि शिकून टायर कारखान्यात न जाता आयरीन सॅबोबाईंच्या दुकानात आले. कारण मला एका गोष्टीचं कुतूहल होतं. चाळीस वर्षांपूर्वीचं गाणं एका फितीवर नक्की कशाच्या आधाराने टिकून राहतं?

उत्तर घाबरवणारं आहे. फितीवर चुंबकीय भुकटी असते आणि ती धरून ठेवायला डिंकासारखा एक थर. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच फितींचा हा थर हवेतली ओल पितो. वर्षानुवर्षं पीत राहतो आणि चिकट होतो. मग तुम्ही हौसेने ती यंत्रावर चढवता, आणि भुकटी खरवडून निघते. भुकटी म्हणजेच गाणं. तपकिरी धूळ बोटांना लागते, आणि ती परत कुणालाही ऐकवता येत नाही.

आणि हा माणूस ती फीत बर्फावर ठेवून घेऊन आला होता.

मी पेटी उघडली. पुठ्ठ्याचा ओला डबा, आत धातूचं मोठं रीळ. डब्यावर मेणखडूने लिहिलेलं: लॅम्पब्लॅक, तिसरा.

"लॅम्पब्लॅक?" मी म्हटलं. "तेच? एक्केचाळीसवाले?"

तो पहिल्यांदा हसला. पण ते हसू फार जपून होतं, जणू तेही कुठे सांडेल. "मी त्या एक्केचाळीसचा मुलगा."

ॲक्रनमध्ये हे सगळ्यांना ठाऊक आहे. टायर कारखान्यातल्या चार कामगारांनी बँड काढला. दिवसभर हाताला चिकटायची त्या काजळीचंच नाव त्याला दिलं. पहिला अल्बम देशाच्या क्रमवारीत कसाबसा दोनशेच्या आत आला. दुसऱ्यातलं एक गाणं मात्र चढायला लागलं. आठवड्याला एकेक पायरी... पासष्ट, बावन्न, त्रेचाळीस. दर रविवारी रेडिओवर फक्त पहिली चाळीस गाणी वाजवायचे. त्या रविवारी अख्खा कारखाना रेडिओला कान लावून बसला होता. गाणं एक्केचाळीसवर आलं, तिथेच थांबलं आणि पुढच्या आठवड्यात खाली घसरलं. रेडिओने ते कधीच वाजवलं नाही.

"घरात काहीही होता होता राहिलं की आई म्हणायची, एक्केचाळीस झालं," लाइल म्हणाला. "माझी नोकरी हुकली, एक्केचाळीस. केक फुगला नाही, एक्केचाळीस."

"आणि तिसरा अल्बम?"

"कधी निघालाच नाही. गायक भांडून निघून गेला, कंपनीने हात वर केले. शेवटचं गाणं मग बाबांनी गायलं. ते बेस वाजवायचे. आयुष्यात गायलेलं एवढं एकच." तो बोलता बोलता रिळाकडे बघत राहिला. "मी चार वर्षांचा असताना त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आता गळ्याला एक यंत्र लावून बोलतात, भुंग्यासारखं. घरात कॅमेरा नव्हता. फोनवर निरोप घेणाऱ्या यंत्रावरही आईचाच आवाज. मला त्यांचा आवाज... आठवत नाही."

"त्यांना माहितीये तुम्ही हे आणलंय?"

"नाही. टेप गेलेलीच निघाली तर? उगाच आशा कशाला लावायची."

मी मान हलवली. या धंद्यात मी एक गोष्ट पाहिली होती. ज्याची फीत कोरी निघते, तो माणूस दुकानातून जाताना आपल्याकडे बघत नाही. राग नसतो त्याचा. पण आपल्या चेहऱ्याला ती बातमी कायमची चिकटलेली असते. म्हणून मी गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत फार बघायचं नाही, असं ठरवून टाकलं होतं.

याचे डोळे करडे होते. हे मला नको असताना समजलं.

बर्फाची ओल आधी काढायची होती. रीळ कोरड्या हवेच्या बंद कपाटात ठेवलं, आणि लाइल "बघायला" येऊ लागला. कपाटाच्या काचेतून रीळ दिसायचं, त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. तरी तो यायचा. एकदा मिलोशकडचे गोळे घेऊन आला.

"तुमची दुपार माझ्यामुळे बुडाली होती," तो म्हणाला.

"व्याजासकट आणलेत."

"क्रमवारीत माझा नंबर लागावा म्हणून."

"कुठल्या क्रमवारीत?"

"तुमच्या. काहीतरी असेलच ना. शास्त्रज्ञ लोक सगळ्याचं मोजमाप ठेवतात."

मी गोळा तोंडात टाकला आणि गंभीरपणे विचार केला. "ब्याण्णव."

"ठिपका आहे?"

जुन्या याद्यांमध्ये वेगाने वर चढणाऱ्या गाण्याच्या आकड्याशेजारी एक काळा ठिपका छापायचे. ठिपका म्हणजे आशा.

"ठिपका नाही," मी म्हटलं.

"निर्दयी बाई आहात."

त्याच दिवशी मी त्याला एका दुसऱ्या रिळावर एक गंमत ऐकवली. गुंडाळलेल्या फितीत एका वेढ्यावरचा मोठा आवाज शेजारच्या वेढ्यावर हलकेच उमटतो. मग काय होतं, की शांततेत गाण्याच्या क्षणभर आधी तेच गाणं अगदी पुसट ऐकू येतं. दुरून, भिंतीपलीकडून आल्यासारखं... आणि मग खरा आवाज.

लाइलने कानावरचे हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले. "म्हणजे ते बोलण्याच्या आधीच कळतं, काय बोलणार ते."

"शब्द नाही कळत नेहमी. कुणीतरी बोलणार आहे एवढं कळतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी घाईने रीळ बदललं.

चिकट झालेल्या फितीवर उपाय असतो, तो म्हणजे भाजणं. भाजणं हा शब्द भीतिदायक आहे, प्रत्यक्षात ती हलकी ऊब असते. बायका टोमॅटो सुकवतात त्याच प्रकारच्या यंत्रात रीळ ठेवायचं, मंद आचेवर दिवसभर. ओल निघते, थर पुन्हा धरतो आणि काही आठवडे फीत वाजवण्याजोगी होते. सोमवारी सकाळी मी लाइलचं रीळ यंत्रात ठेवलं. सॅबोबाई मासे धरायला सरोवरावर गेल्या होत्या. मी एकटीच होते. म्हणजे, लाइलही होता.

"त्या शेवटच्या गाण्याबद्दल काही माहितीये?" तापमान बघता बघता मी सहज विचारलं.

"बाबा सांगतात तेवढंच. तोवर पैसे संपलेले, टेपही संपलेली. मग रेडिओ स्टेशनच्या झाडूवाल्याने त्यांना अडगळीतली जुनीपुराणी टेप दिली. बाबा म्हणतात, ती वाळक्या नूडलसारखी तुटायची. तीच शेवटी चिकटवून—" तो थांबला. "काय झालं?"

मी तापमान बघायचं सोडून रिळाकडे बघत होते.

फितींच्या दोन जाती असतात. नवी जात उबेने बरी होते. फार जुनी जात, जी ताणली जात नाही, कटकन तुटते, ती उबेने वाळते, आकसते, मुडपते. ती कधी भाजायची नाही. मी पहिल्याच आठवड्यात शिकलेली गोष्ट. ओळखणं सोपं असतं: रीळ उजेडासमोर धरायचं, जुन्या जातीतून प्रकाश आरपार येतो. मी धरलं होतं. पण शेवटचं गाणं म्हणजे अगदी आतले वेढे. तिथे रिळाच्या दोन्ही बाजूंची धातूची तबकडी भरीव असते. उजेड पोचतच नाही. मी डब्यावरचं लेबल वाचलं, बाहेरचे वेढे पाहिले आणि विश्वास ठेवला.

ही चूक फक्त आमच्या धंद्यातलाच माणूस करू शकतो. जरा कमी शिकलेला असता, तर त्याने भाजलंच नसतं.

मी यंत्र बंद केलं. दार उघडलं. सॅबोबाईंना फोन लावला.

"किती वेळ झाला आत जाऊन?" त्यांनी विचारलं. मागे पाण्याचा आवाज येत होता.

"तासाच्या आसपास."

"थंड होईतो हात लावू नकोस. रडायचं असेल तर लांब जाऊन रड, डोळ्यातलं पाणीही ओलच असतं."

मी लाइलला सगळं सांगितलं, माझी चूक माझी म्हणूनच सांगितली. त्याचा चेहरा पांढरा झाला, पण त्याने नजर वळवली नाही. तो माझ्याकडेच बघत राहिला, आणि तेच मला सोसवेना.

"बाहेरची गाणी गेली तरी चालतील," तो शेवटी म्हणाला. "आत जे आहे ते..."

"काहीच जाऊ द्यायचं नाहीये मला."

पण कसं? बाहेरची फीत अजून चिकट होती, ती उलगडली तर खरवडून निघणार. आणि ती उलगडल्याशिवाय आतली हाती येणार नाही. मी टेबलाजवळ बसले. खिडकीवर पाऊस वाजत होता. मग मी ते विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत बघायचे तसं बघायला लागले. चिकट काय आहे, आणि चिकट काय नाही? बाहेरचे वेढे एकमेकांना केकसारखे धरून आहेत. आतली जुनी जात चिकटत नाही. म्हणजे या दोन कड्यांच्या मध्ये फक्त एक वेढा आणि एक जुना जोड...

"लाइल," मी म्हटलं, "तुमचे हात थरथरतात?"

"आत्ता? भयंकर."

"माझेही. चला, चार हात तरी आहेत."

रीळ गार झाल्यावर मी तबकड्यांचे स्क्रू काढले. तबकडी काढलेलं रीळ म्हणजे नुसती फितीची थाळी, एक शिंक आली तरी सगळ्याचा गुंता होईल. दोन्ही तबकड्या अलगद काढल्या आणि थाळी दोन ठोकळ्यांवर टेकवली. खालून दिवा लावला.

अगदी मध्यभागी, काळ्या वर्तुळाच्या आत, मधाच्या रंगाचं एक बारीक कडं उजळलं.

"तेच?" तो कुजबुजला.

"तेच."

त्याने दोन्ही तळवे बाहेरच्या थाळीभोवती लावले. मी अंगठ्यांनी मधला गाभा खालून वर दाबू लागले. काही हललं नाही. मग एक केसाएवढं हललं. वेढे एकमेकांवरून सरकले तर, कडा मुडपली तर, मी जरा जास्त दाबलं तर...

त्याचा तळवा घामाने निसटायला लागला.

"हलू नकोस," मी म्हटलं.

पहिल्यांदाच मी त्याला एकेरीत बोलले होते. त्याने श्वास रोखला. "नाही हलत. तू सावकाश कर."

मधाचं कडं वर आलं. सुटं झालं. शेवटचा जोड, चाळीस वर्षांपूर्वी कुणी घाईत चिकटवलेला, हलकेच आपला आपणच सुटला. बाहेरची थाळी लाइलच्या हातांत अख्खी राहिली, आतलं गाणं माझ्या.

मग मी त्याची थाळी नव्या रिळावर बसवून घेतली, ती नंतर नीट भाजता येणार होती. माझ्या अंगठ्याला तपकिरी भुकटी लागली होती. थाळी घेताना ती त्याच्या मनगटावर उमटली.

त्याने मनगट वर करून बघितलं. "पडला ठिपका," तो म्हणाला.

मला हसू आलं, आणि लगेच भीतीही वाटली. कारण अजून काहीच वाजलं नव्हतं.

जुन्या फितीच्या कडा उबेने किंचित वळल्या होत्या. यंत्राच्या शिरावर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, ती नीट टेकेना. मी लाइलला कापसाची काडी दिली, "पिसाने दाबल्यासारखं दाब" म्हणून सांगितलं आणि त्याच्या हाताखाली माझा हात ठेवला. यंत्र सुरू केलं.

सुरसुर. नुसती सुरसुर. पावसासारखी... लांबतच गेली. लाइलने डोळे मिटले. मला वाटलं, आता हा काडी खाली ठेवेल, पेटी उचलेल आणि जाईल. मी त्याच्या मनगटावरच्या ठिपक्याकडे बघत राहिले, म्हणजे तोंडाकडे बघायला नको.

आणि मग, फार दूरवर, भिंतीपलीकडून, कुणीतरी काहीतरी म्हणालं.

"थिया," लाइल म्हणाला.

"श्श. येतोय."

आणि तो आला. एक, दोन, तीन... मोजणारा पुरुषाचा आवाज. मग गाणं. खरं सांगते, गाणं साधंच होतं. तो माणूस दोनदा सुराबाहेर गेला. एका ठिकाणी ओळ विसरला आणि गुणगुणून वेळ मारून नेली. पण तो आवाज मी ऐकला होता. गेले कितीतरी दिवस काचेच्या कपाटापाशी, गोळ्यांच्या पुडीपाशी ऐकत होते. तो लाइलचाच आवाज होता.

गाणं संपलं. वाद्यं थांबली. आणि त्या शांततेत लाइलचा बाप, तेव्हाचा पंचविशीतला डेन्व्हर कटलिप, कुणालातरी म्हणाला, "झालं? घेतलंस का? मला वाटलं मी मेलोच भीतीने."

लाइल रडत होता, पण हात हलू दिला नाही.

शनिवारी डेन्व्हर कटलिप दुकानात आले. रुंद खांद्यांचे, गळ्याभोवती रुमाल बांधलेले. कशासाठी बोलावलंय हे लाइलने सांगितलं नव्हतं, पण दारातूनच त्यांनी मधाच्या रंगाचं ते कडं पाहिलं आणि खुर्चीत बसले. आम्ही त्या गाण्याची नक्कल लावली. सुरसुरीत त्यांनी अचानक एक बोट वर केलं. खऱ्या आवाजाच्या क्षणभर आधी. त्यांना तो पुसट आवाज आमच्याही आधी ऐकू आला होता.

संपल्यावर त्यांनी यंत्र गळ्याला लावलं. भुंग्याच्या आवाजात ते म्हणाले, "फारच वाईट गातो मी."

"हो, बाबा," लाइल म्हणाला.

"परत लाव."

तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. "पोरी, तू भाजलंस ना हे? अर्धंच?"

"हो. चुकून," मी म्हटलं.

"आधी मला विचारायचं की. हा सांगत नाही काही. घाबरट आहे. माझ्यावर गेलाय." त्यांनी भुवया उडवल्या. "आवाजही माझा घेतलाय, पण वापरत नाही. आता मला आणखी दोनदा ऐकायचंय. तुम्ही दोघं जरा बाहेर जा."

आम्ही दुकानाच्या पायरीवर उभे राहिलो. पाऊस नुकताच थांबलेला, रस्त्यातून वाफ निघत होती. समोर मिलोशकडे रांग होती. आतून तोच मोजणारा आवाज पुसट ऐकू येत होता.

लाइलने मनगट चोळलं. ठिपका कधीच धुतला गेला होता, तरी चोळलं. "काम झालं आता. म्हणजे... मला इथे यायला काही कारण राहिलं नाही."

"बाहेरची थाळी भाजायचीय अजून."

"ती भाजून झाल्यावर?"

फीत शिरावर टेकवताना वाटतं तसंच मला वाटलं. एकदाच वाजणार. आणि मग जे असेल ते असेल.

"मला एक विचारायचंय," तो म्हणाला. "पण घरच्या रक्ताचा दोष आहे. भीती वाटते, एक्केचाळीस होईल."

"विचार."

त्याने तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. नुसता श्वास आला. त्या श्वासात सगळं होतं, अगदी पुसट, दुरून आल्यासारखं.

"मला ऐकू आलंय," मी म्हटलं.

त्याचे करडे डोळे माझ्यावर थांबले. या वेळी मी नजर वळवली नाही. "मग... आता बोलायला नको?"

"नको कसं? आधीचा आवाज झाला तो फक्त." मी त्याचं मनगट धरलं, ठिपका होता त्या जागी. "आता खरा ऐकायचाय."

आत डेन्व्हरने गाणं पुन्हा सुरवातीपासून लावलं. आणि लाइल बोलला.